डाव्या खांद्याची बंदूक

एंगेलबर्ट कोफलरने उलट्या खांद्याची बंदूक विकत घेतली, ही बातमी त्याच्या गाडीच्या आधी आमच्या दरीत येऊन पोचली. शेजारच्या दरीतली एक जुनी खानावळ बंद व्हायची होती आणि तिथल्या सामानाचा लिलाव होता. बंदूक त्या खानावळीच्या चुलीवर किती वर्षं टांगलेली होती कोण जाणे. धुराने आणि चरबीने इतकी काळी पडलेली, की लिलाववाल्याने आधी ती छत्री म्हणूनच उचलली. एंगेलबर्टने हात वर केला. दुसऱ्या कुणाला हात वर करायचं काही कारणच नव्हतं.

संध्याकाळी लिओनहार्ट दारात हजर. लिओनहार्ट म्हणजे गावच्या शिकार मंडळाचा प्रमुख, आणि एंगेलबर्टचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने बंदूक उचलली, खांद्याला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"अरे बाबा, घेण्याआधी खांद्याला लावून तरी बघायचीस. ही डावरी आहे."

"दिसतंय मला."

"मग घेतलीस कशाला? भिंतीवर लावायला?"

"चांगली आहे. लोखंड चांगलं आहे," एंगेलबर्ट म्हणाला, आणि शेगडीत लाकूड घालायच्या निमित्ताने खाली वाकला.

शिकार न करणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचं लाकूड, सरळ नसतो. तो खांद्याच्या बाजूला किंचित वळलेला असतो, म्हणजे गाल टेकला की डोळा आपोआप नळीच्या रेषेत येतो. उजव्या खांद्याच्या माणसाचा दस्ता उजवीकडे वळलेला. हा डावीकडे वळलेला होता. गाल टेकायची लाकडाची फुगीर उशीसुद्धा उलट्या अंगाला, आणि तिच्यावर ओकच्या पानांचं सुरेख कोरीवकाम. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फर्लाखच्या, म्हणजे बंदुकांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या गावच्या, कुणा कारागिराने कुणा डावऱ्यासाठी केलेली एकनळी बंदूक. मधोमध मोडायची, एक काडतूस घालायचं, मिटायची. अशा बंदुकीला डावा-उजवा खटका नसतो. म्हणजे दस्ता जुळला की डावरा माणूस सुखी.

पण एंगेलबर्ट डावरा नव्हता. तो सत्तरीला टेकलेला, आयुष्यभर रोपवेच्या तारा आणि चाकं दुरुस्त करणारा, पक्का उजवा माणूस होता. भानगड एवढीच होती, की त्याच्या उजव्या डोळ्यात मधोमध एक ढग येऊन बसला होता. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, टोपी दिसायची, चेहरा नाही. क्लागेनफुर्टच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, कडा राहतील, मधलं आता परत येणार नाही. डावा डोळा मात्र ठणठणीत. हे फक्त त्याच्या बायकोला, बुर्गीला, माहीत होतं.

बाकीच्यांना का सांगितलं नाही, तर त्यालाही कारण होतं. मंडळाचा नियम होता. जुलैच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी चांदमारीच्या मैदानावर तीन गोळ्या मारायच्या. तिन्ही बशीएवढ्या गोलात बसल्या, तर शरदात गाम्सच्या, म्हणजे कड्यावरच्या रानबकऱ्यांच्या, शिकारीला बंदूक घेऊन वर जायचं. नाही बसल्या, तर बंदूक घरी ठेवून यायचं. मग तुम्ही दुसऱ्यांच्या पिशव्या उचलायच्या. आणि पिशव्या उचलणाऱ्या म्हाताऱ्यांशी सगळे फार प्रेमाने बोलतात. एंगेलबर्टला त्या प्रेमाची धडकी भरायची.

त्याने आधी आपली नेहमीची दुर्बिणीची बंदूक डाव्या खांद्याला लावून पाहिली होती. गोळी सुटताना बंदूक मागे आली आणि दुर्बिणीने भुवई फोडली. गावात त्याने सांगितलं, कपाटाचं दार लागलं.

"किती कपाटं आहेत रे आपल्याकडे?" बुर्गी म्हणाली. "सरळ लिओनहार्टला सांगून टाक. तो काय तुला खाणार आहे?"

"खाणार नाही. कीव करेल."

"मग करू दे. मी चाळीस वर्षं करतेय, मेलास का?"

पण त्याने ऐकलं नाही. ऐकलं असतं तर पुढचा घोळ झाला नसता, हे बुर्गीने नंतर पुष्कळदा ऐकवलं. ऐकवणारच ना, तिचा हक्कच होता तो.

उपवासाच्या दिवसांपासून ईस्टरपर्यंत त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे लोहारशाळा झालं होतं. एंगेलबर्टने नळी वेगळी केली, दस्ता वेगळा केला, आणि जवसाचं तेल लावून लावून धुराचा थर सोडवायला बसला. चाकूने खरवडला असता तर तासाभरात झालं असतं, पण मग कोरलेली पानंही गेली असती. म्हणून नुसतं तेल, लोकरीचं फडकं आणि बोट. थर निघत गेला तसं खालचं अक्रोडाचं लाकूड वर आलं, आधी काळपट, मग मधासारखं. नळीतून चिंध्या घातल्या की आधी डांबरासारख्या निघायच्या. एक दिवस एक चिंधी पांढरी निघाली, तेव्हा तो ती घेऊन गोठ्यात धावला, बुर्गीला दाखवायला.

"बघ! बघ ना!"

"चिंधी आहे," बुर्गी म्हणाली. पण हसली. हा माणूस हिवाळाभर खुर्चीत बसून भिंत बघत होता, तो असा धावताना बघून तिला बरं वाटलं होतं. ते तिने बोलून मात्र दाखवलं नाही, कारण वासाबद्दलची तक्रार अजून पुरी व्हायची होती.

सराव तर त्याहून मजेशीर. सकाळी उठला की दहा वेळा डाव्या खांद्याला बंदूक, आरशासमोर. दुपारी कोठारात जुन्या छर्‍याच्या बंदुकीने डब्यांवर नेम, तोही डावीकडून. पहिले पंधरा दिवस डबे निवांत होते. नंतर पडायला लागले. मग त्याने सूपही डाव्या हाताने प्यायला सुरुवात केली.

"सूप आणि बंदुकीचा काय संबंध?" बुर्गीने शर्टाकडे बघत विचारलं.

"हाताला सवय."

"धुवायची सवय मला आहेच."

मनगटाजवळ दस्त्याला तडा होता आणि चापाची स्प्रिंग तुटलेली होती. ते काही घरी होण्यासारखं नव्हतं, म्हणून मे महिन्यात तो बंदूक घेऊन फर्लाखला गेला. तिथल्या बंदूक कारागीर फ्राउ ओटीलिया म्हणजे पन्नाशीची, शांत बाई. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून बंदूक बघितली, मग एंगेलबर्टकडे बघितलं.

"कागदावर सही उजव्या हाताने केलीत तुम्ही."

"हो."

"आणि दस्ता डावाच ठेवायचा."

"हो."

"डोळा का?"

एंगेलबर्टने मान हलवली. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे दरवर्षी असे दोघं-तिघं येतात. त्यांच्यासाठी दस्ता नवा करावा लागतो. तुम्हाला तयार मिळालाय. नशीबवान आहात."

"कुणाला सांगू नका, एवढीच विनंती."

"मी बंदुका दुरुस्त करते. गावगप्पा करत नाही."

काम झालं की बंदूक सरकारी चाचणीला जायची होती. तिथे जादा भाराचं काडतूस उडवून नळी टिकते का बघतात आणि शिक्का मारतात. शिक्का मिळाल्याचा फोन आला तेव्हा जुलै संपत आला होता. एंगेलबर्टचा बेत असा होता, की बंदूक आणायची, गुपचूप लांबच्या कुठल्या तरी मैदानावर जाऊन दोन दिवस गोळ्या मारायच्या, आणि रविवारी तयार होऊन उभं राहायचं. तेवढ्यात लिओनहार्ट म्हणाला, "मी उद्या फर्लाखलाच चाललोय. येताना तुझं ते डावरं लेकरू घेऊन येतो." नाही म्हणायला काही निमित्त सापडेना. एंगेलबर्टने पावती दिली.

आता लिओनहार्टच्या मनात काय होतं ते सांगायला हवं, कारण त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. रविवारी एंगेलबर्टची सत्तरी होती. मंडळाने आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे लाकडी चकती रंगवून घेतली होती. तिच्यावर कडा, कड्यावर गाम्स, मधोमध बशीएवढा गोल, खाली एंगेलबर्टचं नाव. वाढदिवसवाल्याने तिच्यावर गोळी मारायची आणि मग ती भोकासकट आयुष्यभर घराच्या भिंतीवर लावायची. पण लिओनहार्टला त्याहून मोठी भेट द्यायची होती. बिचाऱ्याने हौसेने बंदूक घेतली, महिनोन् महिने घासली, आणि दस्ता उलटा! तो सरळ करून द्यायचा. म्हणजे रविवारी आपला एंगेलबर्ट स्वतःच्या बंदुकीने, स्वतःच्या खांद्यावरून मारेल.

फ्राउ ओटीलियांना त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, "मालकाने स्वतः सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही." लिओनहार्टला वाटलं, बाई उगाच कडक आहेत. तो परत आला आणि तडक काश्परकडे गेला.

काश्पर म्हणजे आमच्या दरीतला शेवटचा स्की बनवणारा. अॅश नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं आणि शिकंज्यात धरून ठेवायचं, यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याने दस्ता बघितला, लोखंड बाजूला काढलं आणि म्हणाला, "स्कीचं टोक वाकवण्यापेक्षा हे सोपं आहे." शुक्रवारी त्याने दस्ता वाकवला. डावीकडचा उजवीकडे. पानं कोरलेली उशी मात्र तासायला त्याचा हात धजला नाही, हे देवाचेच उपकार.

इकडे एंगेलबर्टचा जीव टांगणीला. शुक्रवारी फोन केला. लिओनहार्ट म्हणाला, "रविवारी देतो." शनिवारी केला. "अरे, रविवारी म्हटलं ना! वाढदिवस तुझाच आहे, धीर धर जरा."

"त्याला कळलंय," एंगेलबर्ट बुर्गीला म्हणाला. "म्हणून देत नाहीये."

"मग बरंच झालं," बुर्गी म्हणाली.

रविवारी मैदानावर सगळी दरी लोटलेली. भट्टीत डुकराचं मांस भाजत होतं, बायकांनी क्नोडेलची, म्हणजे पावाच्या उकडलेल्या गोळ्यांची, पातेली आणली होती, बँडवाले तिघंच आले होते पण आवाज तेवढा करत होते. बाकीच्यांच्या गोळ्या झाल्या. मग एंगेलबर्टच्या तीन गोळ्यांसाठी रंगवलेली चकती लागली, आणि लिओनहार्टने निळी फीत बांधलेली बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरून आणली.

"एंगेलबर्ट, मंडळाकडून. काही बोलू नकोस. लावून बघ."

एंगेलबर्टला लिलावातली ती धुरकट छत्री आठवली आणि आता समोर असलेलं हे चकचकीत लाकूड दिसलं. चापाची स्प्रिंग गोड वाजली. त्याने काडतूस घातलं, बंदूक मिटली, आणि पाच महिन्यांच्या सवयीने ती सरळ डाव्या खांद्याला लावली.

गाल टेकला. नळी कुठल्या कुठे गेली. नळीच्या टोकाचा, नेम धरायचा मणी शोधायला मान इतकी वाकवावी लागली की टोपी पडली. त्याला वाटलं आपल्यालाच काही झालंय, दुसराही डोळा गेला की काय. त्याने पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"अरे, उजवीकडे लाव!" लिओनहार्ट हसत ओरडला. "आता सरळ केलाय दस्ता! काश्परने केलाय! लाव ना उजवीकडे!"

एंगेलबर्टने बंदूक मोडली, काडतूस काढलं आणि खिशात ठेवलं. सगळे बघत होते. बँड थांबला होता. त्याच्या मनात आलं, लावावी उजवीकडे, मारावी ढगात, हुकली म्हणावं आणि सुटावं. पिशव्या उचलू. पण समोर लिओनहार्ट असा उभा होता, आनंदाने फुललेला, की त्याच्याशी अजून एक खोटं बोलणं एंगेलबर्टला जमेना.

"उजवीकडे काही दिसत नाही मला," तो म्हणाला. "हा डोळा गेलाय. नोव्हेंबरपासून. म्हणून डावी घेतली होती."

लिओनहार्टचं तोंड उघडं राहिलं. मग तो हळूच म्हणाला, "आणि मी ती वाकवून आणली."

"तुला काय माहीत."

"मला का माहीत नाही?" लिओनहार्ट एकदम भडकला. "साठ वर्षं एका ताटात खाल्लं आपण! मला का माहीत नाही? कपाटाचं दार म्हणे! गाढवा!"

"कीव केली असतीस."

"केली असती! मग? दस्ता तर वाकवला नसता ना!"

बुर्गीने क्नोडेलचा चमचा हातात धरूनच डोळे पुसले आणि मोठ्याने म्हणाली, "हेच मी सांगत होते." मग सगळे हसले, आणि हवा जरा मोकळी झाली.

काश्पर पुढे आला. त्याने दस्ता चाचपला, वास घेतला. "परवाच वाकवलाय. लाकडाला अजून जुनी सवय आहे. परत जायला काही कुरकुर करणार नाही. पण संध्याकाळ होईल."

सगळ्यांनी लिओनहार्टकडे बघितलं. नियम त्याच्या हातात होता.

"नियमात जुलैचा शेवटचा रविवार म्हटलंय," लिओनहार्ट म्हणाला. "सूर्य बुडेपर्यंत रविवारच असतो. आणि खांदा कुठला हवा, असं काही म्हटलेलं नाही. काश्पर, पळ."

काश्पर दस्ता घेऊन पळाला. सत्तर-ऐंशी माणसं दुपारभर एका लाकडाची वाट बघत बसली. घरी कुणी गेलं नाही. मांस संपलं, नाशपातीची दारू निघाली, आणि मग एक वेगळाच प्रकार सुरू झाला. म्हातारा रूपर्ट म्हणाला, "आता विषय निघालाच आहे तर सांगतो. मी गेली दोन वर्षं वनखात्याच्या गाडीतून अर्ध्या वाटेपर्यंत वर येतो. गुडघे गेलेत. तुमच्या आधी पोचतो ते काय उगाच?" त्याच्यामागून दुसऱ्याने हात थरथरतो म्हणून सांगितलं. ज्याचं त्याचं काही ना काही निघालं. सगळे एकमेकांकडे बघून हसत होते आणि जरा लाजतही होते.

शेवटी लिओनहार्टने ग्लास खाली ठेवला. "वसंतात काळा रानकोंबडा घुमतो ना," तो म्हणाला, "तो मला तीन वर्षं झाली, ऐकूच येत नाही. तुम्ही थांबून मान डोलावता, म्हणून मीही डोलावतो."

"आणि फोनवर?" एंगेलबर्टने विचारलं.

"काय?"

यावर असा हशा झाला की बँडवाल्यांनी पुन्हा वाजवायला घेतलं.

मावळतीचं ऊन कड्यावर चढलं तेव्हा काश्पर आला. दस्त्यावर वाफेचा पांढुरका डाग पडला होता, तो जायला पुढे महिनाभर तेलाचे हात द्यावे लागले. पण वळण डावीकडे होतं. एंगेलबर्टने लोखंड बसवलं, बंदूक खांद्याला लावली, गाल पानांवर टेकला. मणी जागच्या जागी आला. डाव्या डोळ्यात सगळं स्वच्छ होतं, चकती, कडा, रंगवलेला गाम्स. त्याने श्वास सोडला आणि चाप ओढला.

पहिली बसली. दुसरी बसली. तिसऱ्या वेळी हात थकला. त्याने बंदूक खाली घेतली आणि पुन्हा लावून मारली. तीही गोलाच्या कडेला, पण आत. लिओनहार्ट स्वतः जाऊन बघून आला. येताना त्याने हात वर केला, आणि एंगेलबर्टला उभ्याने रडू आलं. सत्तर वर्षांचा माणूस, सगळ्यांसमोर. बुर्गीने त्याच्या तोंडात क्नोडेल कोंबला.

ऑक्टोबरात ते दोघं वर गेले, एंगेलबर्ट आणि लिओनहार्ट. पहाटेपासून खडकाआड बसलेले. धुकं हटलं. डावीकडे वरून दोन बारीक दगड घसरले. लिओनहार्ट उजवीकडे बघत होता. एंगेलबर्टने त्याच्या गुडघ्याला हात लावून दिशा दाखवली. लिओनहार्टने दुर्बीण लावली, आणि बोटाने सांगितलं, म्हातारी मादी, एकटी, पिल्लू नाही. मार.

एंगेलबर्टने मारली. एकच. ती जागीच बसली, जशी थकून बसावी तशी, आणि पुन्हा उठली नाही.

दोघं वर चढून गेले. लिओनहार्टने बुटक्या पाइनच्या दोन डहाळ्या मोडल्या, एक तिच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. दुसरी टोपीवर ठेवून एंगेलबर्टपुढे धरली. "वाइडमान्सहाइल," तो म्हणाला, जसं शिकार लाभल्यावर म्हणतात. एंगेलबर्टने डहाळी घेतली, अर्धी मोडली आणि लिओनहार्टच्या टोपीत खोवली. अर्धी डहाळी वाट दाखवणाऱ्याची असते. मग दोघं तिच्याजवळ गवतात बसले. पाव काढला, खारवलेलं मांस कापलं. ऊन आलं. एंगेलबर्टला इतकं बरं वाटत होतं, की जे बोलायचा गेल्या हिवाळ्यात त्याला धीर झाला नसता, ते तो सहज बोलून गेला.

"पुढच्या वर्षीही येणार मी."

"काय?"

"पुढच्या वर्षी! येणार! मी!" एंगेलबर्ट ओरडला. कड्यावर आवाज आपटला, पलीकडे गेला, परत आला. समोरच्या घळीतून अख्खा कळप उधळला आणि दिसेनासा झाला.

"ऐकलं," लिओनहार्ट म्हणाला. "पलीकडच्या दरीनेही ऐकलं." त्याने पावाचा अजून एक तुकडा तोडला. "ये की. तू नाही आलास, तर दगड घसरला हे मला कोण सांगणार?"